मदत हवी आहे : शेत, पाणवठा आणि नेमबाजीची रेंज, तिन्हींसाठी एकच टोपी

नमस्कार.

मी यावल तालुक्यात राहते आणि एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. घरची थोडी केळीची बाग असल्यामुळे शाळेआधीचा बराच वेळ शेतात जातो. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये बावीसच्या (०.२२ बोअरच्या) रायफलीवर सराव केला होता. पुढे संसार आणि नोकरी यांत तो सुटला, आणि आता गेल्या दीड वर्षापासून क्लबच्या रायफलीवर, उघड्या रेंजवर, ५० मीटर अंतरावरचा सराव पुन्हा सुरू केला आहे. माझा प्रश्न बंदुकीचा नाही, टोपीचा आहे. तो ऐकून घरचे हसतात, परंतु चार टोप्यांवर पैसे घालवून झाल्यानंतर मी तो येथे गंभीरपणेच मांडत आहे.

आमच्याकडच्या उन्हाविषयी खानदेशाबाहेरच्या वाचकांना एवढेच सांगते की मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सकाळी नऊनंतर उघड्या डोक्याने फिरणाऱ्या माणसाला अनोळखी लोकही थांबवून टोकतात. माझी आजी घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात कांदा कोंबत असे आणि ‘डोकाले ऊन लागी जाई’ म्हणून मागून हाका मारत असे. पुरुषमंडळींना यावर बागायती रुमाल हा पिढ्यान् पिढ्यांचा तोडगा आहे: डोक्याला गुंडाळला की टोपी, सोडला की पंखा, ओला करून मानेवर टाकला की गारवा. दुचाकीवरच्या मुली आणि बायका डोळे सोडून सगळे तोंड ओढणीने किंवा स्कार्फने बांधतात. शेतात मीही तेच करते. रेंजवर मात्र या दोन्ही गोष्टी चालत नाहीत, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

स्कार्फ न चालण्याचे कारण कानांचे आहे. बावीसच्या रायफलीचा आवाज मोठ्या बोअरच्या मानाने सौम्य असला तरी तो १४० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून इअरमफ (डोक्यावरून पट्टा जाणारी, आवाज अडवणारी कानांची झाकणे) लावल्याशिवाय मी फायरिंग पॉइंटवर पाय ठेवत नाही. इअरमफची गादी कानाभोवतीच्या कातडीला सर्व बाजूंनी चिकटून बसली तरच आवाज अडतो. मध्ये कापडाची एक घडी आली, किंवा चष्म्याची जाड काडी आली, तरी तेथून आवाज आत शिरतो. मागे मानेवर पडदा लोंबणाऱ्या टोप्या मिळतात, त्यांतही नेमके हेच होते, कारण तो पडदा कानांवरून पुढे येतो. शेतासाठी अशी टोपी मला फार आवडली होती. रेंजवर पहिल्याच दिवशी ती उतरवून ठेवावी लागली.

दुसरी टोपी चारही बाजूंनी कड असलेली गोल, कापडी, जंगलात फिरणारे लोक घालतात तशी घेतली. हतनूर धरणाच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहायला जाते तेव्हा तिच्यासारखी टोपी नाही, कान आणि मान दोन्ही सावलीत राहतात. परंतु लेटून नेम धरताना मान मागे वळते आणि तिची मागची कड जॅकेटच्या कॉलरला आपटून टोपी पुढे डोळ्यांवर ढकलली जाते. शिवाय, पुढेमागे प्रौढांच्या गटात स्पर्धेत उतरावे असे मनात असल्यामुळे मी नियमही वाचून ठेवले आहेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांच्या नियमांनुसार टोपी घालता येते, मात्र ती मागच्या साइटला, म्हणजे नेम धरताना डोळ्याजवळ येणाऱ्या छिद्राच्या भागाला, टेकता कामा नये, तिचा छज्जा कपाळापासून ८० मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे येता कामा नये, आणि बाजूचा प्रकाश अडवणारा पडदा म्हणून ती वापरता कामा नये. गोल टोपीच्या बाजूच्या कडा खाली ओघळल्या की ती नेमके हेच शेवटचे काम करू लागते, म्हणून तो मार्ग मी बंद केला.

राहिली ती साधी पी-कॅप. येथे मी सर्वांत जास्त चुका केल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बाजारात मिळणारी बहुतेक पी-कॅप सहा कळ्यांची असते आणि त्या सहा कळ्या जेथे माथ्यावर एकत्र येतात तेथे कापडाने मढवलेले एक बटण असते. त्या बटणाचा उपयोग काय, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेले नाही. इअरमफचा पट्टा बरोबर त्याच्यावर येतो. पहिली दहा मिनिटे काही जाणवत नाही. अर्ध्या तासाने टाळूवर कोणी खडा ठेवून दाबत आहे असे वाटू लागते, आणि तासाभराने मला लक्ष्याऐवजी टाळूच दिसू लागते. मी ते बटण आतून कापडाची घडी लावून, पट्टा पुढे सरकवून, पट्टा मागे सरकवून पाहिले. पुढे सरकवला की गादी कानावरून निसटते, मागे सरकवला की पट्टाच निसटतो.

दुसरी चूक छज्जाच्या खालच्या रंगाची. उन्हात तापू नये म्हणून मी पांढरीशुभ्र टोपी घेतली, आणि तिच्या छज्जाची खालची बाजूही पांढरीच होती. आमच्या रेंजवर फायरिंग पॉइंटच्या पुढे फिकट मुरमाची जमीन आहे. तिच्यावरून उसळलेला उजेड छज्जाच्या पांढऱ्या पोटावर पडतो आणि तेथून सरळ डोळ्यांत येतो. पीप साइटच्या बारीक छिद्रातून पाहणाऱ्याला डोळ्यावर पडणारा उजेड शक्य तितका स्थिर हवा असतो, कारण बाहुली लहान-मोठी होत राहिली की समोरच्या वर्तुळाची कड कधी ठसठशीत तर कधी धूसर दिसते. ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे एखाद्या शर्टाच्या बटणाएवढे. वरून पांढरी आणि खालून काळपट अशी टोपी हवी, हे मला तेव्हा समजले. हतनूरच्या पाण्यावरून येणाऱ्या तिरिपेसाठीही तीच बरी.

तिसरी चूक छज्जाच्या लांबीची, आणि तीबाबत मी अजूनही गोंधळलेली आहे. उभ्याने नेम धरताना मान सरळ असते, त्यामुळे सात सेंटिमीटरचा छज्जा कसलाही त्रास देत नाही. लेटल्यावर मात्र मान मागे वळलेली असली तरी चेहरा रायफलीवर पुढे झुकलेला असतो, आपण डोळ्यांच्या वरच्या भागातून पाहत असतो, आणि तोच छज्जा दृष्टीच्या रेषेत उतरतो किंवा मागच्या साइटला घासतो. मग टोपी मागे ढकलावी लागते. मागे ढकलली की ती अंबाड्यावर चढते, आणि अंबाडा कॉलरला टेकतो. पुरुष नेमबाजांना या शेवटच्या भागाची कल्पना येणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. वेणी घालून ती टोपीच्या मागच्या फटीतून बाहेर काढणे हा उपाय मी करते, परंतु त्यासाठी मागे पट्टा आणि फट असलेलीच टोपी लागते. मागून बंद, इलॅस्टिकची टोपी कितीही चांगली असली तरी माझ्या उपयोगाची नाही. पट्ट्याला वेलक्रो असेल तर तो केसांत अडकतो, टिचबटणांचा प्लास्टिकचा पट्टा उन्हात ठिसूळ होऊन एका हंगामात तुटतो, आणि धातूचे बक्कल कॉलरवर टोचते. त्यातल्या त्यात कापडी पट्टा आणि लहान चपटे बक्कल मला सुसह्य वाटले.

‘एवढे उपद्व्याप कशाला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी साधा चष्मा लावून रौप्यपदक मिळवलेच की’, असे मला आतापर्यंत निदान तिघांनी ऐकवले आहे. त्यांना माझे नम्र उत्तर असे की ते पदक १० मीटर एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारातले होते, ती स्पर्धा छताखालच्या बंदिस्त सभागृहात होते, आणि तेथे ना ऊन असते ना मुरमाची चकाकी. त्याच ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, लेटून आणि उभ्याने) कांस्यपदक मिळवल्यावर आमच्या शाळेतली मुलेही नेमबाजीविषयी विचारू लागली. त्यांतल्या दोघींना मी एअर रायफलकडे वळवले आहे; तो सराव छताखालीच होतो, त्यामुळे त्यांना टोपीची काडीइतकी गरज नाही. गरज आहे ती उघड्यावर सराव करणाऱ्यांना.

ही गरज नुसत्या उन्हापुरती नाही. एकदा टोपी पिशवीत ठेवून मी शेजारच्या पॉइंटवरचा सराव पाहत उभी होते. तेथे अर्धस्वयंचलित पिस्तूल चालू होते. गोळी सुटल्यावर बाहेर उडालेली एक तापलेली रिकामी पुंगळी माझ्या चष्म्याच्या वरच्या कडेवर आपटून भुवईला चाटून गेली. डाग दोन दिवसांत गेला, परंतु ती काचेच्या आत, गालावर अडकली असती तर काय झाले असते याचा विचार अजून येतो. छज्जा असता तर ती बाहेरच्या बाहेर पडली असती. चष्मा आणि टोपी ही जोडी आहे, हे मी तेव्हापासून मुलींनाही सांगते.

कापडाबाबत माझा अनुभव असा. जाड सुती कापड घाम पिते, पण वाळत नाही. दुसऱ्या दिवशी घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. पॉलिएस्टर लवकर वाळते, मात्र वास धरते. जाळीच्या टोपीत हवा खेळते हे खरे, परंतु जेथून हवा जाते तेथून ऊनही जाते, आणि भांगात कातडी भाजल्याचे मला संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळले. दाट विणीचे, पातळ, फिकट रंगाचे कापड आणि फक्त दोन्ही बाजूंच्या कळ्यांना जाळी, अशी टोपी एका ऑनलाइन दुकानाच्या छायाचित्रात पाहून मागवली होती. आली ती सगळीच जाळीची होती, आणि परत पाठवण्याची मुदत त्यांच्या लेखी आधीच संपली होती.

आता नेमके विचारते. माथ्यावर बटण नसलेली, मागे कापडी पट्टा आणि वेणी निघेल एवढी फट असलेली, खालून गडद छज्जाची टोपी आपल्यापैकी कोणी वापरली आहे का, आणि ती जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारात हातात घेऊन पाहता येईल का? माझ्या डोक्याचा घेर, भुवयांच्या आणि कानांच्या किंचित वरून टेप फिरवून, ५७ सेंटिमीटर भरतो. लेटून आणि उभ्याने असा दोन्ही सराव करणारे छज्जा किती लांबीचा ठेवतात? की लेटताना छज्जा वर दुमडता येईल असा मऊ ठेवतात? किंमत सातशे-आठशे रुपयांपर्यंत चालेल. दोन टोप्या घ्या, असा सल्ला कृपया देऊ नये; तो घरातूनच रोज मिळतो.

भर, आठ दिवसांनंतर :

प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे आभार. ‘नवी शोधण्यापेक्षा जुनी दुरुस्त करा’ ही सूचना मी लगेच अमलात आणली. गावातल्या शिंपीकाकांकडे त्यातल्या त्यात बरी टोपी नेली. त्यांनी आधी टोपीकडे, मग माझ्याकडे पाहिले, आणि ‘ताई, बटण लावायला लोक येतात, काढायला तुम्हीच आल्या’ म्हणाले. बटण काढल्यावर मधे छिद्र राहते, म्हणून त्यांनी आतून रुपयाएवढे पातळ कापड लावून चपटी टीप मारली. छज्जा उसवून आतला पुठ्ठा दीड सेंटिमीटरने कापला, आणि बाजारी पुठ्ठा धुण्याने भिजून फुगतो म्हणून त्याऐवजी दुहेरी बकरम घातले. आता तो साडेपाच सेंटिमीटरचा आहे आणि हाताने वर वळवला तर वळलेला राहतो.

रविवारी दोन तास रेंजवर होते. इअरमफ सबंध वेळ डोक्यावर होता आणि टाळूची आठवणही झाली नाही. लेटल्यावर छज्जा साइटपासून दोन बोटे दूर राहतो. उभ्याने सकाळचे तिरपे ऊन पूर्वीपेक्षा थोडे अधिक लागते, तेवढे मी सोसेन.

एकच गोष्ट बिघडली. छज्जाच्या खालच्या बाजूला लावायला मी घरातलाच गडद हिरव्या सुती कापडाचा तुकडा दिला होता. घामाने त्याचा रंग सुटला, आणि कपाळावर हिरवी पट्टी घेऊन मी परस्पर शाळेत गेले. सहावीच्या वर्गाने दिवसभर कोणतीही गडबड न करता ती पाहिली. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवूनही रंग जातोच आहे. छत्रीचे काळे कापड लावावे असे शिंपीकाकांचे म्हणणे आहे, परंतु ते चकाकते अशी मला शंका आहे. घामाने रंग न सोडणारे, न चकाकणारे, पातळ असे कोणते गडद कापड सुटे मिळते, हे ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे. मीटरभरही नको, वीतभर पुरे आहे.