निर्बंध उठल्यावर हात धुणे का टिकले, का सुटले? विदर्भातील गावांचे अनुभव

महाराष्ट्रातील करोनाचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठले. त्याआधी दोन वर्षे दारोदारी साबण आणि पाण्याची बादली दिसत होती. ती बादली तुमच्याकडे राहिली का आणि नसल्यास कशामुळे हलली, हे कृपया घरचे किंवा गावचे उदाहरण देऊन लिहावे.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका
आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही, हात चिकट राहतात आणि धुतल्याचे समाधान मिळत नाही. नळाला गोडे पाणी येते, पण ते पिण्यासाठी भरून ठेवलेले असल्यामुळे त्याने हात धुणे घरातल्या बायकांना नासाडी वाटते, आणि ज्यांनी खाऱ्या पाण्यावर अर्धे आयुष्य काढले त्यांना तसे वाटणे मला चूक वाटत नाही. साथीच्या भीतीने ही काटकसर बाजूला सारली होती. भीती ओसरताच गोडे पाणी पुन्हा माठात गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी तोटीचा लहान डबा गोड्या पाण्याने भरून ठेवू लागलो. मोजून पाहिले, तर पाच माणसांचे दोन्ही वेळच्या जेवणाआधीचे हात दोन लिटरांत धुऊन होतात. हा हिशेब सांगितल्यावरच घरचा विरोध मावळला.

अंगणवाडी सेविका, धारणी तालुका
आमच्याकडे साबण ठेवला की कावळा उचलून नेतो, म्हणून मी तो जुन्या पायमोज्यात घालून हापशाजवळच्या खांबाला बांधते. लेकरे सांगून ऐकत नाहीत. पहिले मूल निघाले की बाकीची आपोआप मागे जातात. उन्हाळ्यात हापशाला बराच वेळ दांडा मारावा लागतो, तेव्हा मात्र ही रांग मोडते.

कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा
२०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणी झाली की आमचा सालदार वावरातच साबणाने हात धुतो, कारण औषधाचा वास हाताला येत राहतो. त्याच माणसाला बाजारातून आल्यावर हात धुवायला सांगितले, तर तो तळवे उलटे-सुलटे करून दाखवतो आणि म्हणतो, “कुठे काय लागले आहे?” विषाणूला रंग नाही, वास नाही. शिवाय खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण. चार जण एकाच पन्नीतून बोटांनी खर्रा घेतात, आणि ती बोटे दिवसभर तोंडाकडे जात राहतात. करोनाच्या काळात प्रत्येकाची पन्नी वेगळी झाली होती. आता पुन्हा एकच पन्नी सगळ्यांत फिरते. माझ्या मते आमच्याकडे हात धुण्याच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

गृहिणी, वर्धा जिल्हा
लग्नाच्या पंगतीत पूर्वी कोणीतरी गडव्याने हातावर पाणी घालत असे. आता उभ्याने जेवण, कागदी रुमाल, आणि हात धुण्याचे पिंप मंडपाच्या पार मागे. तिथवर कोणी जात नाही.

आशा सेविका, भंडारा जिल्हा
नवजात बाळाच्या भेटीला मी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही जाते. बाळाला हात लावण्याआधी मी साबण मागत असे, तेव्हा काही घरांत तो संशय वाटे: आम्ही अस्वच्छ आहोत का? करोनानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. एका आजीने तर माझ्या येण्याच्या दिवशी ओसरीवर साबण आणि पाण्याचा गडवा आधीच काढून ठेवायला सुरुवात केली, आणि बाळाला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही ती तिथेच थांबवते.