कोल बेड मिथेनच्या विहिरीत आधी नुसतं पाणीच, मग पंप जोरात का चालवत नाहीत?

ऐरोली_केमिकल:
नमस्कार मंडळी, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, कोळशाच्या थरातून मिथेन गॅस काढायच्या एका विहिरीचं मॉडेल केलंय, सीम म्हणजे तो थर ६०० मीटरवर, सुरुवातीचं प्रेशर ६० बार. रन केलं की कित्येक महिने नुसतं पाणी, गॅस जवळपास शून्य. पंपाचा रेट दुप्पट केला की गॅस लवकर दिसतो, मग फील्डवर सगळे असंच का करत नाहीत? सर म्हणतात प्रेशर हळूहळू उतरव, पण कारण काही नीट कळलं नाही. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखंच आहे ना हे? पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे, प्लीज.

घोडबंदर_रोड:
सोड्याची बाटली आधी डोक्यातून काढ मित्रा. सोड्यात गॅस पाण्यात विरघळलेला असतो, इथे मिथेन कोळशाच्या बारीक छिद्रांना आतून चिकटून बसलेला असतो आणि पाणी असतं क्लीटमध्ये, म्हणजे कोळशातल्या नैसर्गिक भेगांत. पाणी उपसून दाब क्रिटिकल डिसॉर्प्शन प्रेशरच्या, म्हणजे ज्या दाबाला गॅस कोळशापासून सुटायला लागतो त्याच्या, खाली गेला की मगच मिथेन सुटतो, मग डिफ्युजनने, म्हणजे छिद्रांतून हळूहळू पसरत, भेगेपर्यंत आणि पुढे डार्सीच्या नियमाने, म्हणजे दाबातल्या फरकामुळे वाहत, विहिरीपर्यंत जातो. तू ते प्रेशर ३५ बार टाकलं असशील तर ६० ते ३५ नुसतं पाणीच येणार, मॉडेल बरोबरच आहे. साध्या गॅस विहिरीच्या उलटं, इथे गॅस आधी वाढत जातो आणि पीक गाठून मग उतरतो.

खारघरचा_काका:
मी शहडोलकडे सोहागपूरला फील्डवर होतो काही वर्षं. एका विहिरीवर घाई केली, पाण्याची लेव्हल झपकन खाली नेली, गॅस आला, सगळे खूश, आणि थोड्याच दिवसांत काळंकुट्ट पाणी, कोळशाची भुकटी येऊन पंप जाम. वर्कओव्हर, म्हणजे विहिरीची दुरुस्ती, करून साफ केलं पण ती विहीर पुन्हा पहिल्यासारखी चाललीच नाही, अजून वाईट वाटतं. कारण असं बाळा, भेगांमधलं पाणीच त्या भेगा उघड्या धरून असतं, ते एकदम काढलं की वरच्या खडकाचा भार येऊन विहिरीजवळच्या भेगा मिटतात. शिवाय तिथेच गॅस सुटला की पाण्याची रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी, म्हणजे गॅस सोबत असताना पाण्याला भेगांतून वाहणं किती सोपं जातं ते, पडते, लांबचं पाणी विहिरीपर्यंत येईनासं होतं, म्हणजे लांबच्या कोळशावरचा दाब उतरतच नाही आणि तिथला गॅस तिथेच राहतो. गॅस सुटला की कोळसा आकसतो आणि भेगा परत रुंदावतात हे खरं, पण तो फायदा उशिरा मिळतो, तोपर्यंत भेग जिवंत राहायला हवी ना.

ऐरोली_केमिकल:
काका खूप खूप आभार!! आत्ता तपासलं, माझ्या मॉडेलमध्ये पर्मिएबिलिटी (भेगांतून वाहू देण्याची कोळशाची क्षमता) कायम एकच धरलीय आणि रिलेटिव्ह पर्मिएबिलिटीचे कर्व्ह सॅंडस्टोनचे राहिलेत, म्हणूनच दुप्पट रेट एवढा छान दिसत होता.

घोडबंदर_रोड:
मग पामर-मन्सूरी मॉडेल लाव, त्यात भेगा मिटणं आणि कोळसा आकसणं दोन्ही धरलेलं आहे. दोन्ही रेट परत रन कर आणि ग्राफ इथे टाक, मला बघायचाय.