तंबाखू जाळण्याऐवजी नुसती तापवली तर? सरसकट बंदी कितपत योग्य?

नागोयाकर (धागाकर्ता)

मी जपानमध्ये नागोयाला राहतो. शहराचं नाव मुद्दाम सांगतोय, कारण फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१४ साली आयकॉस हे तंबाखू तापवणारं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं ते इथे आणि इटलीत मिलानला. आज माझ्या ऑफिसातले बहुतेक सिगारेटवाले त्यावर गेलेत. मी स्वतः ओढत नाही. पण सिन्नरला माझे सासरे चाळीस वर्षं विडी ओढतायत, दोन जिने चढले की धापा टाकतात, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी थोडी माहिती. सिगारेटचा झुरका मारताना तिचं पेटतं टोक ८००-९०० अंश सेल्सियसपर्यंत जातं. तिथे पान जळतं आणि जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड, डांबर, बेंझीन असलं सगळं तयार होतं. माणसाला तलफ असते निकोटीनची, आणि ते काढायला एवढी आग लागत नाही. आयकॉसमध्ये तंबाखूची छोटी कांडी साधारण ३५० अंशांपर्यंत तापते, पेट घेत नाही. सुट्या पानांचे व्हेपोरायझरही मिळतात. त्यात चिमूटभर तंबाखू एका इवल्या भट्टीत भरायची, दीडशे-दोनशे अंशांवर ठेवायची आणि येणारी वाफ ओढायची.

वापरून झालेली कांडी मी हातात घेऊन नीट पाहिली आहे. आतली तंबाखू गडद तपकिरी झालेली, वरचा कागद शाबूत, राख अजिबात नाही. वास मात्र येतो, करपलेल्या मक्याच्या कणसासारखा. तरी ती व्यक्ती शेजारी येऊन बसली तर कपड्यांना सिगारेटचा भपकारा नसतो.

जपानमध्ये २०१५ ते २०२० या काळात सिगारेटचा खप चाळीस टक्क्यांहून जास्त घसरला. कुठलंही आरोग्य अभियान एवढ्या वेगाने हे करू शकलेलं नाही.

आणि आपल्याकडे? २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटबरोबर ही यंत्रंही बंद. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळ्यावर बंदी, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. त्याच वेळी विडी-सिगारेट मात्र प्रत्येक टपरीवर. जास्त घातक वस्तू खुली आणि कमी घातक वस्तू गुन्हा, यामागचा विचार मला पटत नाही. ज्याला सोडता येतं त्याने सोडावंच. पण प्रयत्न करूनही ज्याला सुटत नाही, अशा प्रौढ माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर का होईना, हा मार्ग मिळायला हवा. तुमचं मत काय?

---

छातीचा डॉक्टर

तुमची कळकळ पोचली, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

वाफेत कार्बन मोनॉक्साइड आणि बरीच विषारी द्रव्यं सिगारेटपेक्षा कमी असतात, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण विष कमी गेलं म्हणजे आजार त्याच प्रमाणात कमी झाला, असं गणित शरीरात चालत नाही. हृदयाचंच घ्या. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा वाढीव धोका असतो. म्हणजे धूर ९५ टक्के कमी झाला तरी हृदयविकाराचा धोका निम्म्यानेच उतरला. म्हणून ‘इतके टक्के कमी विषारी’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या अवयवासाठी?

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, जुलै २०२० मध्ये आयकॉसला परवानगी देताना हाच फरक केला. पूर्णपणे तिकडे वळलात तर घातक रसायनांशी संपर्क कमी होतो, एवढं म्हणायला कंपनीला मुभा दिली. आजाराचा धोका कमी होतो, असं म्हणायला दिली नाही. कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०२२ च्या आढाव्यात तर तापवलेल्या तंबाखूने सिगारेट सुटते का, हे तपासणारी एकही चाचणी सापडली नाही.

ओपीडीत रोजचं चित्र असं आहे की माणूस एक सोडून दुसरं धरत नाही, दोन्ही धरतो. घरात यंत्र, बाहेर सिगारेट. असा रुग्ण मला सांगतो, “डॉक्टर, मी आता कमी केलंय,” आणि सोडायचा विचार तिथेच संपतो. मला सगळ्यात जास्त भीती याच समाधानाची वाटते.

---

नागोयाकर

डॉक्टरसाहेब, दोन्ही धरणारे इथेही आहेत, मान्य. पण चाचणी झाली नाही आणि उपयोग नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी घातल्यावर चाचणी तरी कोण करणार? आणि सासऱ्यांच्या बाबतीत मी तुलना करतोय ती शुद्ध हवेशी नाही, विडीशी करतोय.

---

निपाणीची मुक्ता

विडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. चाळणीवर बसलेल्या बायांच्या नाकातोंडात दिवसभर तपकिरी धूळ, संध्याकाळी शिंकरलं तरी तोच रंग. आग नाही, धूर नाही, तरीही चक्कर, मळमळ, खोकला. तेव्हा जाळलं नाही म्हणजे निभावलं, हे मला कुणी सांगू नये. तंबाखूतली कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन्स जाळण्याची वाट बघत बसत नाहीत. पानं सुकवताना, मुरवताना ती तयार होतात आणि पानातच राहतात.

दुसरं. ही सगळी चर्चा नेमकी कुणासाठी चालली आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे ३.८ टक्के निघाले, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपला खरा प्रश्न मळलेली तंबाखू, मावा आणि मशेरी. इथे सोळा टक्क्यांहून जास्त बाया तंबाखू तोंडात धरतात, त्यातल्या कितीजणी दातांना मशेरी लावण्यापासून सुरू झाल्या असतील! त्यांना हे चार्जिंगचं यंत्र काय कामाचं? कंपनी येईल ती पुण्या-मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांकडे. ज्यांच्या हातात आज काहीच नाही, त्यांच्या हातात ते जाईल.

---

ऋतुजा_पुणे

मुक्ताताईंशी शंभर टक्के सहमत. माझा धाकटा भाऊ बारावीत आहे. त्याच्या वर्गात चोरून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, फिरतात. बंदी असताना ही अवस्था, तर दुकानात ठेवल्यावर काय होईल?

---

सुटी पानं

मी जर्मनीत असतो, वापरणारा म्हणून लिहितो. वर कांड्यांचं यंत्र आणि सुट्या पानांचं यंत्र एका पारड्यात टाकलंय, ते मला बरोबर वाटत नाही. कांडीत नुसतं पान नसतं. तंबाखूचा लगदा करून पत्रे काढलेले असतात, त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, म्हणून तो दाट पांढरा ढग येतो. शिवाय ती कांडी त्याच कंपनीकडून जन्मभर विकत घ्यायची.

माझ्याकडचं यंत्र साधं आहे. चिमटीत मावेल एवढी तंबाखू, नखाने मोकळी केलेली, फार दाबायची नाही, नाहीतर हवा जात नाही. १४० वर सुरू करायचं, चव उतरली की १७० पर्यंत न्यायचं, त्यावर मी जात नाही. १९० च्या पुढे घशाला खरखर लागते आणि भट्टीच्या कडेची पानं काळी पडायला लागतात, म्हणजे तिथे करपणं सुरू झालेलं असतं. सिगारेटसारखा ठोसा यातून बसत नाही. निकोटीन हळूहळू चढतं, आणि म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे फार चिडचिड होते. ते निभावून नेलं आणि मी सिगारेट बंद केली. सकाळचा खोकला गेला, कफ गेला, जिन्यावर आता थांबावं लागत नाही.

हे निर्दोष आहे असा माझा दावा नाही. निकोटीनचा गुलाम मी अजूनही आहे. पण डॉक्टर, मी तुमच्या ओपीडीत आलो असतो तर तुम्ही मला परत सिगारेटकडे पाठवलं असतं का?

---

छातीचा डॉक्टर

नाही. तुम्हाला परत सिगारेटकडे मी कधीच पाठवणार नाही. पुढची पायरी कुठली, ते विचारीन. तुमचा खोकला गेला याचा मला खरंच आनंद आहे. पण एका शिस्तीच्या माणसाला जमलं म्हणून ते अख्ख्या देशाच्या बाजारात सोडायचं धोरण होत नाही.

---

गणेश_बार्शी

एक शंका. आपली खायची तंबाखू त्या सुट्या पानांच्या यंत्रात भरली तर चालते का? आमच्याकडे एकाने कुरिअरने मागवलंय.

---

सुटी पानं

गणेशभाऊ, अजिबात नको. खायच्या तंबाखूत बऱ्याचदा रस्टिका जातीचं पान असतं, त्यात निकोटीन फार जास्त. छातीतून ते सरळ रक्तात गेलं की घाम, उलटी, धडधड, सगळं एकदम. वर जर्द्यात चुना आणि सुगंधी द्रव्यं असतील तर त्यांची वाफ फुप्फुसात काय करेल, हे कुणी तपासलेलं नाही. मित्राला आजच सांगा.

---

कायद्याचा वाचक

गणेश यांच्या मित्राने मागवलेलं यंत्र आपल्याकडे बेकायदेशीर आहे, हेही नोंदवतो. २०१९ च्या कायद्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कुठलाही पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विद्युत उपकरण, मग त्या पदार्थात निकोटीन असो वा नसो. सुट्या पानांचं यंत्रही त्यात बसतं. परदेशातून कुरिअरने मागवणं ही आयातच.

आता माझं मत. नागोयाकर म्हणतात, जास्त घातक वस्तू खुली आणि कमी घातक बंद, हे विसंगत आहे. विसंगत आहेच. पण ही विसंगती विडी-सिगारेटवरचे निर्बंध वाढवून दूर करता येते, नवा दरवाजा उघडूनच करायला हवी असं नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, २०१८ मध्ये हुक्का पार्लर, २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकणं. अंमलबजावणी ढिली आहे, तक्रार करायची तर तिथे करू.

आणि या उद्योगाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी थोडा इतिहास बघा. १९५० च्या दशकात केंट सिगारेटचं फिल्टर आरोग्याची काळजी घेणारं म्हणून विकलं गेलं. १९५२ ते १९५६ या काळात त्या फिल्टरमध्ये कर्करोग घडवणारं ॲस्बेस्टॉस होतं. मग ‘लाइट’ सिगारेट आल्या. लोक खोल झुरके मारायला लागले आणि डांबर होतं तेवढंच आत गेलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने निकाल दिला की कंपन्यांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी लोकांना फसवलं. तंबाखू तापवायची कल्पनाही नवी नाही. आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकन सिगारेट कंपनीने १९८८ मध्ये प्रीमिअर नावाने असलं एक उत्पादन आणलं होतं, ते चाललं नाही. प्रत्येक पिढीला नवं ‘सुरक्षित’ उत्पादन दाखवलं गेलं, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक हातचं गेलं नाही.

---

नागोयाकर

कंपन्यांवर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. म्हणून तर चिठ्ठीवर, सरकारी तपासणीनंतर, जाहिरातीविना, असं म्हणतोय. जपानमध्ये कंपन्यांना रान मोकळं मिळालं, हे मला डोळ्यांनी दिसतं. निकोटीनच्या द्रवाची ई-सिगारेट इथे औषध म्हणून मंजुरी घेतल्याशिवाय विकता येत नाही, त्यामुळे तापवायच्या कांड्यांना आयतं मैदान मिळालं. २०२० पासून उपाहारगृहात सिगारेट ओढायच्या खोलीत जेवता येत नाही, पण तापवायच्या खोलीत बसून जेवता येतं. तसलं काही आपल्याकडे मला नकोच आहे.

पण मुक्ताताई, ३.८ टक्के म्हटलं तरी महाराष्ट्रात ती लाखो माणसं होतात. त्यांच्यात माझे सासरे आहेत. त्यांनी निकोटीनचा गम वापरून पाहिला, जमलं नाही. आता पुढे काय, याचं उत्तर मला या धाग्यात मिळालेलं नाही.

---

छातीचा डॉक्टर

गम कसा वापरला? सकाळी चहाबरोबर?

---

नागोयाकर

हो. चहा आणि विडी ही त्यांची सकाळ. विडीच्या जागी गम, असं आम्ही ठरवलं होतं. ते च्युइंगगमसारखा चघळायचे, तोंड चुरचुरायचं, उचक्या लागायच्या, मग थुंकून टाकायचे.

---

छातीचा डॉक्टर

मग गम त्यांना लागू झालाच नाही. चहा-कॉफीने तोंडात आम्लता येते आणि निकोटीन गालाच्या आतून शोषलं जात नाही, गिळलं जातं. उचक्या त्याच्याच. चहा झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, चूळ भरायची, मग गम. चार-पाच वेळा हळू चावायचा, चुरचुर सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चुरचुर ओसरली की पुन्हा थोडा चावायचा, जागा बदलायची. एक गम अर्धा तास. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा अपुरा पडतो, ४ चा लागेल. नुसत्या गमपेक्षा निकोटीनची पट्टी आणि गम एकत्र दिले तर सुटायची शक्यता वाढते. तेही पुरलं नाही तर व्हॅरेनिक्लिन हे औषध आहे. वय, हृदय, मूत्रपिंड बघून नाशिकचा कुठलाही छातीविकारतज्ज्ञ ठरवेल. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवा १८००-११-२३५६, मोफत आहे.

हे सगळं नीट करून पाहिलेला आणि तरीही न सुटलेला रुग्ण वेगळा. ज्याला गम कसा चावायचा हेही कुणी सांगितलेलं नाही, त्याला ‘सुटत नाही’ या खात्यात टाकून यंत्र हातात देणं मला मान्य नाही.

---

नागोयाकर

हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं, ना दुकानदाराने, ना आधीच्या डॉक्टरांनी. धन्यवाद. मेहुणा सिन्नरलाच आहे, त्याला आजच सांगतो, पट्टीचंही विचारायला लावतो.

बंदीबद्दल माझं मत मात्र कायम आहे. तुम्ही म्हणता तो दुसरा रुग्ण, सगळं नीट करूनही न सुटलेला, त्याला तुम्ही काय देता?

---

छातीचा डॉक्टर

आज माझ्याकडे त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, एवढंच आहे. बहुतेकांची विडी दोन-चार खेपा फसल्यावरच सुटते, म्हणून मी पाचवी खेपही तेवढ्याच मनापासून करतो. तुमचं यंत्र मी त्याला देणार नाही, निदान सोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे एखाद्या चाचणीत दिसेपर्यंत. अशी चाचणी सरकारी रुग्णालयात, कंपनीच्या पैशाविना होणार असेल तर मी तिला विरोध करणार नाही.

---

निपाणीची मुक्ता

चाचणी होणार असेल तर त्यात विडीवालेही घ्या आणि मशेरी सोडवायलाही तेवढेच पैसे ठेवा. आमच्याकडच्या बायांना गम म्हणजे काय, हेही माहीत नाही.