मदत हवी आहे : खानापूर रेल्वे स्थानकाचे जुने पास, तिकिटे, छायाचित्रे आणि आठवणी

नमस्कार.

खानापूरच्या रेल्वे स्थानकाचा इतिहास मी गेली दोन वर्षे जमवत आहे आणि त्यासाठी खानापूर, गुंजी, लोंडा, देसूर आणि बेळगाव परिसरातील जाणकारांची मदत मला हवी आहे. या स्थानकावरून रोज सकाळी बेळगावला नोकरीसाठी, शिक्षणासाठी आणि बाजारासाठी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसांचा हा इतिहास आहे. इंजिने आणि पूल यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

या कामाची सुरुवात आजोबांच्या लोखंडी ट्रंकेतून झाली. ते 1949 ते 1979 अशी तीस वर्षे खानापूर-बेळगाव असा रोजचा प्रवास करत होते आणि त्यांनी आपले बरेचसे मासिक पास सुतळीने बांधून ठेवले होते. सदऱ्याच्या खिशात राहून त्यांचे कोपरे गोल झाले आहेत, काहींवर घामाचे डाग आहेत, पण नावे वाचता येतात. सुरुवातीच्या पासांवर मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे आजोबांच्या बोलण्यातील ‘एमएसएम’, असे नाव आहे. 1951 नंतर दक्षिण रेल्वे येते आणि 1966 च्या अखेरीपासून दक्षिण मध्य रेल्वे. याच काळात, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आजोबांचे घर, कचेरी आणि गाडीची वाट तीच राहिली, मात्र पासावरची रेल्वे दोनदा आणि राज्याचे नावही दोनदा बदलले. हे पास पाहिल्यावर आपल्या सीमाभागाचा इतिहास अशा चिठ्ठ्याचपाट्यांतूनही लिहिता येईल, असे मला मनापासून वाटू लागले.

त्याआधीचा भाग थोडक्यात सांगतो. 1876 ते 1878 च्या दुष्काळात या भागात धान्य पोहोचवणे अतिशय कठीण गेले, म्हणून दुष्काळनिवारणाच्या विचाराने हे मार्ग आखले गेले. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग मीटरगेजचा बांधला, आणि 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन ‘एमएसएम’ झाली. येथे एक विनंती आहे. जिल्ह्याचा इतिहास म्हटले की बरेच जण मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड सुचवतात. मात्र तो 1884 चा, म्हणजे आपल्याकडे गाडी धावू लागण्यापूर्वीचा आहे, त्यामुळे स्थानकाच्या दैनंदिन जीवनासाठी त्याचा उपयोग होत नाही.

मला विशेष हवी आहे ती मीटरगेजच्या काळातील माहिती. 1971 मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज झाले, पण मिरज-लोंडा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होता, त्यामुळे पुण्याला जाणाऱ्यांना मिरजेत सामानसुमानासह गाडी बदलावी लागे. आमच्या शेजारचे एक निवृत्त पॉइंट्समन एकेरी मार्गावरील टोकनविषयी फार बारकाईने सांगतात. टोकनचा गोळा चामड्याच्या पिशवीत, ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि गाडी न थांबता जाणार असेल तर ते कडे हात उंच करून इंजिनवरच्या माणसाकडे द्यायचे. तो गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्थानकाकडे निघत नसे. अंदाज चुकला तर कड्याचा फटका थेट दंडावर बसे, आणि ते आजही बाही वर करून ती जागा दाखवतात. अशा कड्याचे किंवा जुन्या फलाटाचे छायाचित्र, तसेच जुन्या नामफलकाचे, ज्यात लिप्यांचा क्रम दिसेल असे, कोणाच्या घरच्या लग्नाच्या किंवा सहलीच्या अल्बममध्ये असण्याची शक्यता आहे. कृपया एकदा पाहावे.

दुसरी विनंती करवंदे, जांभळे, फणस घेऊन पहाटेच्या पॅसेंजरने बेळगावच्या बाजारात जाणाऱ्या बायकांविषयी आहे. त्यांच्याकडे मासिक पास नसत, पुठ्ठ्याचे तिकीट उतरताना परत द्यावे लागे, म्हणून त्यांच्या प्रवासाचा कागद घरात उरलेला नाही. माझ्या मते या स्थानकाचे सर्वांत जुने आणि नेमाचे प्रवासी त्यांच्यातच सापडतील. आपली आई, आजी किंवा मावशी अशी जात असल्यास टोपली कोणत्या डब्यात ठेवत, परतीला काय आणत, गाडी चुकली तर रात्र कोठे काढत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून कळवावे.

पास किंवा तिकीट सापडल्यास त्याला चिकटपट्टी लावू नये व ते लॅमिनेटही करू नये. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र पुरेसे आहे, कारण तारखेचा ठसा बऱ्याचदा मागे असतो. आजोबांच्या गठ्ठ्यात ऑक्टोबर 1956 चा पास आहे आणि डिसेंबरचाही आहे, मधला नोव्हेंबरचा तेवढा नाही. त्या महिन्याचा खानापूर-बेळगाव पास कोणाकडे असेल, तर ते मला सर्वांत आधी कळवावे.