बाईनं जड वजन उचललं की अंग फुगतं का? घरच्या व्यायामाबद्दल मतं हवीत

सांजवेळ (ठाणे)
वय 41, उंची 5 फूट 3, वजन 58. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 5.9 टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करायच्या मागे लागू नका, स्नायू वाढवा. वनबीएचके, दोन मुलं, जाऊन-येऊन तीन तास लोकल. जिम जमणार नाही, जे होईल ते घरीच.

माझं मत असं की बाईनं जड उचलू नये. हलकी डंबेल, भरपूर आवर्तनं आणि सूर्यनमस्कार, एवढ्यानं अंग पिळदार राहतं, फुगत नाही. एकेक किलोची जोडी चार महिने फिरवतेय, तीस-तीस वेळा. फरक पडला नाही हे कबूल. पण माझ्या मावसबहिणीनं जिम लावली आणि तीन महिन्यांत ब्लाउजच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या. मला तसं नकोय. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

कोयनाकाठ
ताई, नाही पटलं. तीन महिन्यांत बाह्या रुतण्याइतका स्नायू बाईच्या अंगावर चढत नाही. नव्यानं सुरुवात करणारीला महिन्याला पावशेर-अर्धा किलो मिळाला तरी फार झालं. पुरुषात टेस्टोस्टेरॉन बाईच्या दहापटीहून जास्त असतं, आणि तरीही पोरं वर्षानुवर्षं घाम गाळून कुरकुरत असतात. जिम लावल्यावर भूक खवळते, खाणं वाढतं, बाह्या त्यानं रुततात.

आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते 57 किलोच्या गटात. म्हणजे तुमच्याहून किलोभर कमीच. त्या माणसानं काय कमी जड उचललं असेल?

तालीम_कोल्हापूर
दादा, उदाहरण अर्धंच सांगितलंत. खाशाबा वजनगटात खेळत होते, त्यांना वजन राखावंच लागायचं. खुल्या गटातले मल्ल बघा की. जोर तेच, बैठका त्याच, आणि वजन शंभराच्या वर. माझा थोरला भाऊ पाच वर्षं तालमीत होता. तूप, बदामाची थंडाई, लिटरभर दूध. पुढं तालीम सुटली, खुराक काही सुटला नाही. दोन वर्षांत शर्टाची बटणं लागेनात. माणूस फुगतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय, ताईंची भीती खोटी म्हणू नका.

कोयनाकाठ
मेहनत तीच आणि शरीरं दोन तऱ्हेची, मग फरक कशानं पडला? खुराकानं. मीही तेच म्हणतोय. ताई काही थंडाई पिणार नाहीत.

मणका (नाशिक)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, तुमच्या डंबेलची अडचण वेगळीच आहे. 8 वेळा उचलण्याजोगं वजन घ्या नाहीतर 25 वेळा उचलण्याजोगं, स्नायू दोन्हीनं वाढतो, पण शेवटची दोन-तीन आवर्तनं जेमतेम निघाली पाहिजेत. तीस झाल्यावर तुम्ही फोनवर बोलत आणखी तीस करू शकत असाल तर त्या दंडाला काही कळलेलंच नाही.

घरात हे बसवणं अवघड नाही. ओट्याच्या कडेवर हात टेकून जोर काढा. पंधरा सहज निघायला लागले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. बैठका खुर्चीला टेकेपर्यंत, पुढं पाठीवर मुलांचं जुनं दप्तर घेऊन. दप्तरात लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरा, एक बाटली म्हणजे एक किलो, दुकानात जायला नको. तेच दप्तर कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, पोटाकडं ओढा. लोक नेमकं हे ओढणंच विसरतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मधे एक दिवस मोकळा.

अरुणोदय
वय 67. चाळीस वर्षं रोज 25 सूर्यनमस्कार घालतो, आजही हात न टेकता जमिनीवरून उठतो. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हा कोणी दप्तरात बाटल्या भरल्या नव्हत्या. चटईभर जागा आणि नेम, एवढ्यावर माझं भागलं. सांजवेळताईंनी नाही ते उपद्व्याप का करावेत?

मणका (नाशिक)
काका, या वयात हात न टेकता उठणं ही मोठी कमाई आहे, माझे निम्मे पेशंट त्यासाठी माझ्याकडं येतात. पण चाळीस वर्षं 25 चे 25च राहिले. तेवढ्यानं स्नायू टिकतो, वाढत नाही. तुम्हाला टिकवायचाय, ताईंना वाढवायचाय. शिवाय सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, ओढणं नाही. पाठ आणि दंडाचा पुढचा भाग तसाच राहतो.

अरुणोदय
ओढण्याचा मुद्दा मान्य. नेमाचा नाही. बाटल्यांचं नाटक दोन आठवड्यांत कंटाळ्यानं बंद पडतं, हे मी घरातच पाहिलंय.

रास्तापेठ
सगळे दंडावर बोलताहेत, साखरेचं कुणी बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. आपण भारतीय दिसतो सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी.

सांजवेळताई, तुमचाही बीएमआय साडेबावीसच्या आसपास येतो. जेवणातली साखर सर्वांत जास्त ओढून घेणारा अवयव म्हणजे स्नायू. तो फार वाढेल म्हणून तुम्ही घाबरताय आणि तुमच्याकडं तो मुळात कमी असण्याची शक्यता आहे. कमरेचा घेर मोजलात का? आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात.

सांजवेळ (ठाणे)
मोजला. 34 इंच.

फोटोची गोष्ट वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. जड उचलण्याबद्दलचं मत मागे घेते. खाण्याचं सांगा, आम्ही शाकाहारी. नेटवर किलोमागं 1.6 ग्रॅम प्रथिनं म्हणतात, म्हणजे मला 93 ग्रॅम. ते कुठून आणू?

तालीम_कोल्हापूर
हे आकडे बघूनच लोक पावडरीचे डबे आणतात. रोजचं जेवण बास आहे.

मणका (नाशिक)
रोजच्या जेवणात बहुतेकींचं 40-45 च भरतं, दादा, आणि आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) किलोमागं 0.83 ग्रॅमचा हिशोब धरला तरी ताईंना 48 लागतात, तेही नुसतं तब्येत राखायला. डबा मात्र नकोच. ताई, आधी सत्तरचं बघा: शंभर ग्रॅम पनीर (18), मूठभर सोया चंक्स म्हणजे 30 ग्रॅम (15), दोन वाट्या घट्ट उसळ (15), मूठभर शेंगदाणे (7), पेलाभर दूध (6), पोळी-भाकरीतून दहाएक. पनीर-शेंगदाणे आले की तितका भात-साखर कमी, नाहीतर दादांच्या भावाचं झालं तसं होईल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सांजवेळ (ठाणे)
आज दप्तर भरलं, सहा बाटल्या. बैठका अकरा झाल्या, बारावीला खुर्चीतच बसले. लगेच दंडाचा घेर घेतला, साडेदहा इंच. दोन महिन्यांनी दोन्ही आकडे इथेच लिहीन.

तालीम_कोल्हापूर
ताई, दंड मेहनतीनंतर मोजू नका, तेव्हा रक्त भरून फुगलेला असतो. उद्या सकाळी उठल्या उठल्या परत मोजा आणि तो आकडा धरा.