मदत हवी आहे: प्रोपोलिसचा घट्ट अर्क नॉन-स्टिक पिशवीत गोळा करावा का?

नमस्कार मंडळी,

मधपेटीतून निघणाऱ्या प्रोपोलिसचा अर्क मी घरीच काढते. भिजवणं, गाळणं सगळं व्यवस्थित होतं, अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. अल्कोहोल उडून गेल्यावर भांड्याच्या तळाशी जो गडद तपकिरी, विलक्षण चिकट थर उरतो, तो वाया न घालवता काढायचा कसा आणि ठेवायचा कशात?

ज्यांचा प्रोपोलिसशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेलिफेरा (पेटीत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी) माश्या झाडांच्या कळ्यांवरची आणि सालीतून पाझरणारी राळ गोळा करतात, तिच्यात मेण मिसळतात आणि पेटीच्या फटी लिंपतात. (सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, हे जवळपास करतच नाही, त्यामुळे फक्त सातेरी पाळणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नसेल.) ढोबळमानाने त्यात निम्मी राळ असते, तीसेक टक्के मेण, दहाएक टक्के सुगंधी तेलं आणि बाकी परागकण वगैरे. १५ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक आणि ठिसूळ असतं, खोलीच्या उबेत मऊ पडून बोटांना चिकटतं आणि साधारण ६० ते ७० अंशांना वितळतं.

माझी पद्धत नेहमीचीच आहे. खरवडलेलं प्रोपोलिस फ्रीजरमध्ये कडक करून फोडते, भुकटी ७० टक्के खाद्य दर्जाच्या इथेनॉलमध्ये अंधारात भिजत ठेवते, अधूनमधून बाटली हलवते. नंतर फ्रीजमध्ये थंड करून कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळते. थंड केल्यावर मेण साकळतं आणि गाळणीतच राहतं. हा पातळ अर्क तसाच वापरायला माझी हरकत नव्हती, पण घरातल्या एका व्यक्तीला चालू औषधांमुळे अल्कोहोल पूर्ण वर्ज्य आहे, आणि मलमासाठीही मला बिनअल्कोहोलचा घट्ट अर्कच हवा आहे.

काचेच्या पसरट भांड्यात अर्क सुकवला तर खरवडताना बराचसा भांड्यालाच राहतो. सिलिकॉनच्या साच्यातून तो छान सुटतो, पण साच्याला लागलेला वास कितीही धुतला तरी जात नाही. म्हणजे अर्कातलं काहीतरी सिलिकॉनमध्ये शिरतंय, आणि जे आत शिरतं त्याच्या बदल्यात काही बाहेरही येत असेल का, ही शंका मला स्वस्थ बसू देत नाही. बटर पेपरवर ओला अर्क ओतला की कागद मऊ पडतो आणि त्याचे बारीक तंतू अर्कात दिसतात.

आता टोस्टरमध्ये सँडविच भाजण्यासाठी मिळतात त्या तपकिरी नॉन-स्टिक पिशव्या डोळ्यांसमोर आहेत. अर्क थेट त्यातच ओतावा, त्यातच सुकू द्यावा आणि नंतर पिशवी चुरगाळून तुकडे बाहेर काढावेत, असं मनात आहे. पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी हे सुरक्षित आहे का? त्या लेपातून अल्कोहोलमुळे काही उतरतं का? दुसरी कुठली चांगली फिल्म किंवा पिशवी कुणी वापरली आहे का? नुसतं "मी वापरतो, काही होत नाही" यापेक्षा कारणासह उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद: मोहोळवाला

ताई, पिशवी कुठली हा प्रश्न नंतर बघू. आधी एक कळकळीची विनंती: ओला अर्क कुठल्याही पिशवीत ओतून सुकवू नका.

शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांपासूनच ठिणगीने पेट घेण्याइतकी साचते. ७० टक्क्यांच्या मिश्रणाचा तो आकडाही १७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे नेहमीच्या खोलीत बाटली उघडी असली की धोका आहेच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर निघून न जाता ओट्यावरून, जमिनीलगत पसरत जाते. पिशवीचं तोंड अरुंद, त्यामुळे सुकायला वेळ लागणार आणि वाफ आतच कोंडून राहणार. भरीला, नॉन-स्टिक लेप ज्याचा असतो ते पीटीएफई घासलं की स्थिर वीज साठवण्यात सगळ्यात पुढे असलेल्या पदार्थांपैकी आहे. कोरड्या हवेत पिशवी चुरगाळायची आणि आत अल्कोहोलची वाफ, ही जोडी मला अजिबात नको वाटते.

सुकवायला पसरट काचच बरी. पृष्ठभाग मोठा, थर पातळ. ऊब द्यायचीच असेल तर पाणी दुसरीकडे गरम करून आणा आणि भांडं त्या परातीत ठेवा. आसपास गॅस, हीटर, मेणबत्ती, लायटर काही नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. पाणी ४०-४५ अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर सुगंधी तेलं अल्कोहोलबरोबर निघून जातील.

काचेतून ते काढायचं कसं, ते सविस्तर लिहितो. आत्ता पेट्या तपासायला निघतोय.

प्रतिसाद: प्रयोगवही

मोहोळवाला यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत. मी फक्त पदार्थांबद्दल लिहितो, कारण प्रश्न नेमका विचारलाय आणि असा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

टोस्टर पिशवी ही नुसती प्लास्टिकची पिशवी नसते. काचतंतूंचं विणलेलं कापड असतं आणि त्यावर पीटीएफईचा लेप चढवलेला असतो. लेप अखंड असेल तर अन्नासाठी काही अडचण नाही. पीटीएफई इथेनॉलला अजिबात दाद देत नाही, फुगत नाही, विरघळत नाही. त्यामुळे "लेपातून अल्कोहोलमध्ये काही उतरेल का" याचं उत्तर, चांगल्या दर्जाचा लेप असेल तर काळजी नको. काळजी कडांची आहे. कात्रीने कापलेल्या किंवा वारंवार दुमडून तडकलेल्या जागी काचतंतू उघडे पडतात आणि त्यांचे बारीक तुकडे सुटू शकतात. तुमची योजना तर पिशवी चुरगाळायची आहे! चिकट अर्कात असा एखादा तंतू गेला तर तो डोळ्यांना दिसणारही नाही. शिवाय शिवणीच्या कोपऱ्यांत राळ अडकली की ती निघत नाही, आणि तुमचा मूळ प्रश्नच वाया जाणाऱ्या मालाचा होता. म्हणून या कामाला टोस्टर पिशवी मी बाद करेन.

त्याऐवजी काचतंतू नसलेली साधी पीटीएफई फिल्म किंवा एफईपी फिल्म घ्या. एफईपी हे त्याच कुळातलं आणि तितकंच निष्क्रिय आहे, पण पारदर्शक आणि उष्णतेने चिकटवता येणारं, त्यामुळे त्याची खरीखुरी पिशवी करता येते. पीटीएफई सहजासहजी असं चिकटत नाही. एफईपी साधारण २०० अंशांपर्यंत आणि पीटीएफई २६० अंशांपर्यंत टिकतं. त्याच्या बरंच पुढे तापवलं तर निघणारा धूर माणसाला त्रासदायक आणि पाळीव पक्ष्यांना प्राणघातक असतो, पण तुम्ही ४५ अंशांवर काम करताय, तिथे हा मुद्दा येत नाही.

"नॉन-स्टिक म्हणजे विष" असं कुणी म्हणालं तर त्यामागचं कारणही माहीत असावं. पीटीएफई १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलं. ते बनवताना पुढे अनेक दशकं पीएफओए नावाचं रसायन मदतनीस म्हणून वापरलं जात होतं. खरा वाद त्या रसायनाचा आणि त्याने झालेल्या पाण्याच्या प्रदूषणाचा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते वापरातून काढायचं मान्य केलं आणि २०१९ मध्ये घातक, टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ते आलं. म्हणून अन्नाच्या वापरासाठी प्रमाणित केलेला माल घ्यावा, नाव-गाव नसलेला स्वस्त रोल घेऊ नये.

सिलिकॉनबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. सिलिकॉनची रचना सैल असते. इथेनॉलने ते फार फुगत नाही, पण सुगंधी तेलं त्यात शोषली जातात आणि तोच तो न जाणारा वास. स्वस्त सिलिकॉनमधून लहान साखळीचे सिलोक्सेन (सिलिकॉनचेच सुटे, छोटे रेणू) तेलकट पदार्थांत उतरू शकतात. एखादा साचा फक्त प्रोपोलिससाठी राखून ठेवायचा असेल तरी मी त्यात अर्क तासाभरापेक्षा जास्त ठेवणार नाही.

मेणकागद मात्र चुकूनही नको, त्याचं मेण अर्कात उतरेल. तुम्ही मेहनतीने गाळून काढलेलं मेण मागच्या दाराने परत आत! साध्या झिपच्या पॉलिइथिलीन पिशवीलाही राळ घट्ट धरून बसते.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ठिणगीचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. टोस्टर पिशवीचा विचार सोडला.

मग असं करता येईल का, की काचेत अर्क पाकासारखा घट्ट होईपर्यंत सुकवायचा, आणि तेवढ्यावर फिल्मवर ओतायचा? आणि अल्कोहोल पूर्ण गेलंय हे कळणार कसं? ज्यांच्यासाठी करतेय त्यांच्या बाबतीत "बहुतेक गेलं असेल" चालणार नाही.

प्रतिसाद: मोहोळवाला

हो, हेच लिहिणार होतो. काचेतून तो अर्धवट घट्ट असतानाच काढायचा. भांडं किंचित कोमट असताना प्रवाही अर्क सहज ओघळतो, उरलेला प्लास्टिकच्या मऊ पट्टीने निपटता येतो. धातूची पट्टी फिल्मवर अजिबात नको.

फिल्म एका ताटात सपाट पसरा, कडा थोड्या वर दुमडा आणि अर्काचा थर पातळ ठेवा. जाड थराला वरून साय धरते आणि आतलं अल्कोहोल अडकून राहतं. वास गेला म्हणजे अल्कोहोल गेलं असं समजू नका, प्रोपोलिसचा स्वतःचा वास इतका दांडगा की नाक फसतं. ताट फिल्मसकट वजन करा, काही तासांनी पुन्हा करा, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत करत राहा. तरीही घरच्या मोजमापाने "शून्य" सिद्ध होत नाही. एखाद्याला थेंबभरही चालत नसेल तर पोटात देण्यासाठी हा अर्क नकोच असं मी स्पष्ट म्हणेन, आणि चालू औषधं असल्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. मलमाचं करा, त्यात मजा आहे.

सुकल्यावर फिल्मची घडी घालून, बंद पिशवीत घालून, फ्रीजरमध्ये ठेवा. चांगली कडक झाली की पिशवी न उघडता बाहेरूनच वाकवा. थर कडाकडा तुटतो आणि फिल्मपासून सुटतो. तुकडे आधीच गार करून ठेवलेल्या कोरड्या काचेच्या बरणीत पटकन ओता, झाकण लावा आणि बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. गार मालावर हवेतलं पाणी लगेच धरतं. उबेत तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतील, म्हणून बरणी फ्रीजमध्येच आणि अंधारात.

प्रतिसाद: रानफूल

पिशवीच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडतेय म्हणून लिहिते. अर्क घट्ट केला की त्यातलं चांगलं जसं घट्ट होतं तसं वाईटही. पेटीला आतून रंग असेल, किंवा पेट्या वर्दळीच्या रस्त्याजवळ असतील, तर प्रोपोलिसमध्ये शिसं येऊ शकतं. वरोआसाठी (मधमाश्यांवरचा परजीवी कोळी) फ्लुव्हॅलिनेट या कीटकनाशकाच्या पट्ट्या वापरल्या असतील तर ते औषध मेणात आणि प्रोपोलिसमध्ये साठून राहतं. मी तळफळीवरून आणि चौकटींवरून खरवडलेलं प्रोपोलिस पोटात घेण्यासाठी वापरतच नाही. वरच्या बाजूला जाळी ठेवून माश्यांना तिची छिद्रं बुजवू देते, ती जाळी फ्रीजरमध्ये घालून झटकली की स्वच्छ माल मिळतो.

आणि मलम कुणालाही देण्याआधी ॲलर्जीचा विचार करा. प्रोपोलिसमधल्या कॅफेइक आम्लाच्या एस्टरांमुळे त्वचेवर पुरळ येणारे लोक कमी नाहीत, कित्येक मधपाळांच्या हातांना हाच त्रास असतो. कोपराच्या आतल्या बाजूला कणभर लावून दोन-तीन दिवस थांबावं. काही होत नसलं तरी उघड्या जखमेवर नकोच.

प्रतिसाद: धागाकर्ती

रानफूल, हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्या पेट्या आतून रंगवलेल्या नाहीत, पण पट्ट्यांचा वापर झालेला आहे, त्यामुळे त्या पेट्यांमधलं प्रोपोलिस वेगळं काढून ठेवते आणि जाळ्या बसवते. पोटात घेण्याचा विचार डॉक्टरांशी बोलेपर्यंत थांबवला.

शेवटचा प्रश्न: मलमासाठी हा घट्ट अर्क तेलात विरघळतो का, की गोळे राहतात?

प्रतिसाद: प्रयोगवही

पूर्ण विरघळत नाही. कोमट तेलात त्याचा काही भाग उतरतो, बाकी राळ तळाशी बसते. तुकडे गार असतानाच अगदी बारीक भुकटी करा, तेलात घालून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून सावकाश ढवळा, मग गाळून घ्या आणि त्यात मेण वितळवा. तळाशी उरलेला गाळ टाकू नका, तो पुढच्या वेळच्या भिजवणीत पुन्हा घालता येतो. ग्लिसरीनचा सल्ला कुणी दिला तर नुसत्या ग्लिसरीनमध्ये फारसं काही उतरत नाही हे लक्षात ठेवा, बिनअल्कोहोलच्या तयार अर्कांमध्ये बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. आणि फिल्म नंतर गरम पाण्याने धुवायला जाऊ नका, राळ मऊ होऊन पसरेल. आधी फ्रीजरमध्ये ठेवून झटका, उरलेलं थोड्या इथेनॉलने पुसा आणि ते पुसलेलं कापड खिडकीबाहेर मोकळ्या हवेत वाळवा.