दिवाळीच्या डब्यात अनारशाशेजारी मामूल ठेवला तर बिघडतं काय?

कपाशीकाठ :
आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. बचत गटात आम्ही दहा जणी. दिवाळीला फराळाचे डबे करून देतो. घेणारी बहुतेक गावातलीच, नोकरीपायी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं. यंदा गटात मी एक विषय काढला आणि पोळा होऊन गेला तरी भांडण मिटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

माझं म्हणणं, चिवडा, चकली, करंजी, अनारसे आहेत तसेच राहू द्या. सोबत बाहेरच्या दोन वस्तू घाला. एक मामूल. लेबनॉन-सीरियाकडचा हा पदार्थ ईदलाही होतो आणि ईस्टरलाही. रवा तुपात चोळून रात्रभर ठेवायचा, आत खजूर भरायचा, कोरलेल्या लाकडी साच्यात दाबायचा आणि साचा पाटावर आपटून गोळा पाडायचा. नुसता भाजलेला, वर पाक नाही, त्यामुळे टिकतो. दुसरं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं अँझॅक बिस्किट. पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या सैनिकांच्या नावाचं. अंडं नाही, ओट्स आणि सिरप. आम्ही ज्वारीचे पोहे आणि गुळाचा पाक घालू. रवा-तूप-गूळ-ज्वारी यातलं आपल्या घरात काय नाही?

गटातल्या सहा जणी म्हणतात, हे फॅड आहे.

खसखस :
सहा जणी बरोबर म्हणतात. तुमच्या गटात आज अनारसा धडपणे किती जणींना जमतो, ते आधी सांगा. मी सासूकडून शिकले तेव्हा चार दिवाळ्या फुकट गेल्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. एक दिवस विसरलं की वास येतो. मग सावलीत फडक्यावर पसरायचे, पण खडखडीत वाळू द्यायचे नाहीत. हाताला ओल लागली पाहिजे. कुटून, चाळून गूळ मिसळायचा, गोळा डब्यात दाबून चार-सहा दिवस मुरवायचा. तेवढं करूनही कढईत टाकला की हसतो! गूळ जास्त झाला की तुपात विरघळून नुसता चुरा. कमी झाला की दगड. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. हे बघून-बघूनच हाताला येतं. आमच्या पोरींना मोबाईलवर मामूल सापडतो आणि घरचा अनारसा दुकानातून येतो. माझा राग त्यावर आहे, खजुरावर नाही.

बुढीचा नातू :
काकू, राग खरा हाय, पण डब्यातलं 'आपलं' काय काय हाय ते एकदा पाह्यता काय? शंकरपाळ्याचा शंकराशी काई संबंध नाई. फारसीतला शकरपारा, साखरेचा तुकडा. तुर्कस्तानात शेकरपारे म्हणून पाकातलं बिस्किट अजून मिळते. नानखटाईतला 'नान' बी फारसीच, आन् ते सुरतेतल्या डच वखारीच्या भट्टीतून पारशी बेकरीवाल्याइकडे आली असं सांगतात. आमची बुढी नानखटाईले 'घरची' म्हनते, कायले? तिच्या मायनं परातीत मीठ तापवून, वर झाकण अन् झाकणावर निखारे ठेवून केली होती म्हनून. मामूलले बी दोन पिढ्या द्या न बाप्पा.

भट्टीवरचा :
संस्कृतीवर तुम्ही भांडा, मी भट्टीचं बोलतो. दिवाळीआधी आमच्या बेकरीत बाया कणीक, साखर, डालडा घेऊन येतात आणि बिस्किटं भाजून नेतात. ट्रेवर नावाची चिठ्ठी, घरचा पत्र्याचा डबा, दुपारभर रांग. तुमचे दोनशे डबे म्हणजे हजारावर मामूल. ते भाजणार कुठे? गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणजे विजेचा ओव्हन बाद. लाकडाच्या भट्टीत मागचा ट्रे आधी करपतो, सारखा फिरवावा लागतो. खजूर भरलेला मामूल बाहेरून पांढराच ठेवायचा असतो, जरा लाल झाला की कडक. रोडग्यासारखा गोवऱ्यांच्या आरात टाकून चालणार नाही. तळणीचं बघा. जगात तळलेले गोड पदार्थ काय कमी आहेत? पोलंडमध्ये उपासाच्या आधीच्या गुरुवारी पिळाच्या पातळ पट्ट्या तळून साखर भुरभुरतात, आपल्या चिरोट्याची मावसबहीणच. कढई तुमच्याकडे आहेच.

नावात_बरंच_काही :
माझी हरकत वेगळी. ज्वारी-गुळाच्या बिस्किटाला 'अँझॅक' म्हणू नका. ऑस्ट्रेलियात 1921 पासून हा शब्द धंद्यासाठी वापरण्यावर सरकारी बंधन आहे. बिस्किटाला सूट आहे, पण कृती मुळापासून फार बदलायची नाही आणि 'कुकी' म्हणायचं नाही, या बोलीवर. तो कायदा दारव्ह्यात लागू नाही, हे मलाही कळतं. पण जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या लेबकुखनला, म्हणजे मध-मसाल्याच्या बिस्किटाला, 1996 पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, त्या शहराबाहेर केलेलं त्या नावाने विकता येत नाही. त्यातल्या एलिझन प्रकारात बदाम-अक्रोड-हेझलनट किमान 25 टक्के आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के. उद्या कुणी नगरची संत्री नागपुरी म्हणून विकली तर आपण गप्प बसू का? त्यांचं नाव त्यांना राहू द्या. 'ज्वारीचं गूळबिस्किट' म्हणा, खपेल.

कपाशीकाठ :
नावाचं एकदम पटलं. डब्यावर 'ज्वारीचं गूळबिस्किट' असंच छापू. भट्टीवाल्या दादांचंही पटलं, मामूल पन्नासच डब्यांत घालू, सांगितलेल्यांनाच.

खसखस काकू, ज्या लेबकुखनचा विषय निघाला त्याचं मधाचं पीठही जुन्या पद्धतीत आठवडे, कधी महिने मुरवत ठेवतात. तुमच्या अनारशाच्या गोळ्यासारखंच. हे वाचलं तेव्हाच मला अनारशाच्या पिठाची खरी किंमत कळली. बाहेरचं बघितल्याने घरचं विसरतं असं मला तरी झालं नाही.

खसखस :
तुला झालं नाही, तू चाळिशीची आहेस. गटातल्या विशीतल्या पोरींना विचार. माझी अट ऐक. महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यासाठी वेणी-फणी आणि करंडा जी स्वतःच्या हाताने तळेल, तिनेच मामूलला हात लावायचा. फुलोरा दोऱ्याला टांगल्यावर तुटून देवीपुढे पडला नाही, म्हणजे पीठ मळता आलं असं समजू.

बुढीचा नातू :
काकूची अट मंजूर. पण पोट्ट्याहिले बी लावा कामाले. फुलोरा टांगाले वर आमीच चढतो, खाली तळाले काऊन नाई?

कपाशीकाठ :
अट गटात वाचून दाखवली. चार पोरींनी आणि एका पोराने फुलोरा केला. तीन वेण्या तुटल्या, दोन टिकल्या.

मामूलच्या साच्याचं मात्र ऐका. इथे मिळेना म्हणून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या आमच्या सुतारकाकांना सांगितलं. फोटो दाखवला तो मामूलचा, साच्याचा नाही. त्यांनी सागवानात सुरेख नक्षी केली, अगदी बैलाच्या झुलीसारखी, पण उठावाची! साचा आतून खोल हवा होता. दाबला की रवा चहूकडून बाहेर आणि मधे खजूर उघडा. काका म्हणाले, "असंच असते वाटलं, बाहेरदेशातलं हाय न." आता दुसरा करताहेत. पहिला आमच्या सासूबाईंनी उचलून नेला, शेवयांच्या पाटाखाली टेकण म्हणून.